दिवसाला दोन कोयना

एप्रिल २०१६. लातूर तहानेने व्याकूळ झालेलं, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे सुटते आहे. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी. थोड्याच दिवसांत पन्नास वॅगनांची गाडी धावू लागली, एका खेपेला २५ लाख लिटर! सगळ्या महाराष्ट्राने ती गाडी टीव्हीवर श्वास रोखून पाहिली. आता तीच गाडी, पन्नासच्या पन्नास वॅगनांसह, डोळ्यांपुढे उभी करा आणि अंदाज बांधा. एवढ्या पाण्यात सुती शर्ट किती तयार होतील? लाखभर? पन्नास हजार? निदान दहा हजार तरी?

एक हजार. फक्त एक हजार शर्ट!

हिशेब सोपा आहे. शेतातल्या कपाशीपासून रंगवलेल्या कापडापर्यंत, एक किलो सुती कापडामागे जगात सरासरी १०,००० लिटर पाणी खर्ची पडतं. पाव किलोचा शर्ट म्हणजे २,५०० लिटर. आठशे ग्रॅमची जीन्स म्हणजे ८,००० लिटर, म्हणजे लातूरच्या त्या अख्ख्या गाडीत जीन्स होतील ३१२. आता एक विहीर घ्या. वीस फूट व्यास, आत पंधरा फूट पाणी. ऐन उन्हाळ्यात एवढं पाणी टिकून असेल तर गाव त्या घराचा हेवा करतं. ती विहीर तळापर्यंत उपसली, तर शर्ट निघतील ५३.

आणि हा झाला जगाच्या सरासरीचा भाव. भारतातल्या कापसाचा आकडा अभ्यासकांनी वेगळा काढला, तो किलोला २२,५०० लिटर भरला. दुपटीहून जास्त! आपल्याकडे एकरी उतारा कमी, त्यामुळे तेवढ्याच कापसासाठी जास्त जमीन आणि त्या जमिनीवर पडणारं जास्त पाणी. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या लिटरांमध्ये पावसाचं पाणीही धरलेलं आहे. यवतमाळचा किंवा वाशीमचा कोरडवाहू शेतकरी कुणाचं धरण रिकामं करत नाही. तो आभाळाकडे बघून पेरतो. आकडा मोठा दिसला म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणं हा अन्याय होईल.

मग हे सगळं मोजायचं कशासाठी? कारण शर्ट एका देशात राहत नाही. कापूस एकीकडे, सूत दुसरीकडे, शिलाई तिसरीकडे, आणि अंगात घालणारा माणूस चौथ्याच खंडात. लंडनच्या प्राध्यापक टोनी अॅलन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक भन्नाट कल्पना मांडली. धान्य विकणारा देश धान्याच्या पोत्यात भरून पाणीच विकत असतो! हे पाणी दिसत नाही, ओलं लागत नाही, पण गेलेलं असतं. २००८ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. नेदरलँड्समधल्या आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. पाण्याचा पदठसा मोजायची रीत त्यांनी बसवली, आणि मग देशामागून देश, पिकामागून पीक असा धडाका सुरू झाला. किलोभर तांदूळ? २,५०० लिटर. किलोभर उसाची साखर? सुमारे १,८०० लिटर. किलोभर द्राक्षं? ६०० लिटर. किलोभर चॉकलेट? १७,००० लिटर! कॉफीचा एक छोटा कप, जो दोन घोटांत संपतो, त्याच्यामागे सुमारे १३० लिटर.

आता या लिटरांना जरा मोठ्या मापात घालू या. आपल्याकडे ते माप तयारच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून आपण बघतो: कोयना किती भरली? पूर्ण भरली की १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, तेव्हा भरलेली कोयना म्हणजे जवळजवळ तीन लाख कोटी लिटर. एवढं पाणी की नुसती पाटी लिहायची म्हटली तरी तिच्यावर तेरा आकडे मांडावे लागतील. ही सगळी कोयना शर्टांवर ओतली, जगाच्या सरासरीने, तर शर्ट होतात ११९ कोटी. भारतात माणसं आहेत १४० कोटींच्या वर. काठोकाठ भरलेलं कोयना धरण संपलं, आणि माणशी एक शर्टसुद्धा झाला नाही!

भाताकडे वळू. २०२१-२२ मध्ये भारताने सुमारे २ कोटी १० लाख टन तांदूळ परदेशी पाठवला. जगाच्या सरासरीने किलोला २,५०० लिटर धरा आणि गुणाकार करा. किती होतं? साडेसतरा कोयनांहून जास्त पाणी! साडेसतरा वेळा सह्याद्रीने धरण भरायचं, साडेसतरा वेळा ते पोत्यांत शिवून जहाजावर चढवायचं. एका वर्षात. एका पिकापोटी. पैसे तांदळाचे मिळाले. पाण्याचं बिल कुणी फाडलंच नाही.

हे फक्त भारताचं, आणि फक्त तांदळाचं. सगळ्या जगाचं काय? हुक्स्ट्रा आणि त्यांचे सहकारी मेस्फिन मेकोनेन यांनी १९९६ ते २००५ या दहा वर्षांची सरासरी काढली. देशादेशांमध्ये मालाच्या पोटात बसून फिरणारं पाणी भरलं वर्षाला २,३२० घन किलोमीटर. घन किलोमीटर म्हणजे किती, हे मनात उमटत नाही ना? कोयनेने भागा. ७८० कोयना! वर्षाला ७८०, म्हणजे दिवसाला दोन कोयना, आणि वर थोडं उरतंच. आज सकाळी एक, आज संध्याकाळी दुसरी, उद्या पुन्हा दोन, दिवाळीला दोन, पाडव्याला दोन. अजून पटत नसेल तर सांगली-कोल्हापूरकरांच्या भाषेत सांगतो. २०१९च्या महापुरात अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून जास्त विसर्ग चालला होता आणि दोन्ही जिल्हे रात्रभर तो आकडा बघत जागे होते. जगाच्या व्यापारातून वाहणारं हे अदृश्य पाणी आहे २६ लाख क्युसेक. त्या महापुराच्या विसर्गाच्या जवळजवळ पाचपट. दिवसरात्र. बाराही महिने!

या पुराचा उतार कुठे आहे, तेही मोजलं गेलं आहे. जगातला सरासरी माणूस खाण्यापिण्यात आणि कपड्यालत्त्यात मिळून वर्षाला १,३८५ घनमीटर पाणी वापरतो, म्हणजे वर सांगितलेल्या विहिरीसारख्या दहा विहिरी, दर वर्षी, दर माणशी. भारतीय माणसाच्या वाट्याला आठ विहिरी. अमेरिकन माणसाला लागतात एकवीस. आणि ब्रिटनमधला माणूस जेवढं पाणी वापरतो, त्यातलं ७५ टक्के ब्रिटनच्या बाहेरचं असतं. चार बादल्यांपैकी तीन बादल्या दुसऱ्याच्या विहिरीतून शेंदलेल्या.

दुसऱ्याची विहीर आटते, तेव्हा काय होतं? मध्य आशियातला अरल समुद्र पाहा. १९६० साली तो ६८,००० चौरस किलोमीटरचा होता. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात बुडाले असते आणि तरीही काठावर पाणी उरलं असतं. त्याला मिळणाऱ्या दोन नद्या सोव्हिएत काळात कापसाच्या शेतांकडे वळवल्या गेल्या. २००७ च्या सुमारास मूळ पाण्याच्या पसाऱ्यातला फक्त दहावा भाग शिल्लक होता. मराठवाड्याएवढा समुद्र गेला, आणि उरला एखाद्या जिल्ह्याएवढा! हुक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हिशेब मांडला तेव्हा युरोपीय संघातले २५ देश या आटण्याला आडून जवळजवळ २० टक्के जबाबदार ठरले. त्यांनी अरलमध्ये एक बादली बुडवली नव्हती. त्यांनी कपडे घेतले होते. त्यांच्या कापसामागच्या पाण्यापैकी ८४ टक्के पाणी युरोपच्या बाहेरचं होतं, आणि त्याचा भार सर्वांत जास्त कुठे पडत होता, त्या दोन देशांची नावं त्या अभ्यासात आहेत: उझबेकिस्तान आणि भारत.

इथे तुम्ही विचाराल की एक शर्ट कुठून कुठे गेला, याचा माग लागतो तरी कसा? या गोष्टीनेच मला सर्वांत जास्त थक्क केलं आहे. व्यापाराचा पसारा आधी पाहा. जगात वर्षाला साधारण २५ लाख कोटी डॉलरचा माल देशांच्या सीमा ओलांडतो. रुपयांत सांगायचं तर दोन हजार लाख कोटी. पाचशेच्या नोटांची चळत रचा, दहा नोटांची जाडी एक मिलिमीटर धरा. चळत चंद्राला टेकून पुढे जाईल! समुद्रातून जाणारा माल वर्षाला सुमारे १,१०० कोटी टन. एका मालगाडीत ४,००० टन घाला आणि गाडीची लांबी साडेसहाशे मीटर धरा. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटरच्या रुळांवर इंजिनाला डबा लावून अशा २९५ गाड्या उभ्या राहतील. बोगदे भरले, खंडाळा भरला, लोणावळा भरलं, शिवाजीनगरपर्यंत सुई शिरायला जागा नाही. एवढं सगळं किती वेळा करायचं? नऊ हजार तीनशे वेळा. तेव्हा कुठे एका वर्षाचा माल संपेल.

या गर्दीत एका शर्टाचा धागा शोधायचा आहे! त्याची किल्ली वासिली लिओन्टिएफ यांच्याकडे होती. कोणता उद्योग कोणत्या उद्योगाकडून किती घेतो, याचा चौकटीचौकटींचा तक्ता त्यांनी १९३०च्या दशकात मांडला आणि १९७३ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९४९ साली हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राला त्यांनी अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेची ४२ समीकरणं घातली. त्या यंत्राला उत्तर द्यायला ५६ तास लागले. आणि आज? सिडनी विद्यापीठात तयार झालेल्या इओरा नावाच्या तक्त्यात १९० देश आहेत आणि १५,९०९ उद्योगक्षेत्रं. बेचाळीसवरून सोळा हजारांच्या घरात! या तक्त्याच्या घरांची संख्या होते २५ कोटींच्या वर. सेकंदाला एक घर वाचलं तरी आठ वर्षं जातील.

मॅनफ्रेड लेन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या तक्त्याला एक विलक्षण प्रश्न विचारला. धोक्यात आलेले प्राणी आणि आपली खरेदी यांचा संबंध काय? त्यांनी प्राण्यांवरच्या संकटांच्या २५,००० नोंदी घेतल्या, १८७ देशांतल्या १५,००० हून अधिक वस्तू घेतल्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुरवठा साखळ्या तपासल्या. किती साखळ्या? पाचशे कोटींहून जास्त! १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. त्या वर्षी कुणी सेकंदाला एक या वेगाने त्या साखळ्या मोजायला बसला असता, न जेवता, न झोपता, तर त्याचं काम २०२१ मध्ये संपलं असतं. एवढं मोजून हाती काय आलं? बाहेरून घुसलेल्या प्रजातींचा प्रश्न बाजूला ठेवला, तर प्राण्यांवरच्या दर दहा संकटांपैकी तीन संकटं आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे आलेली आहेत. मध्य अमेरिकेतल्या कोळी-माकडाचं जंगल आक्रसतं, त्याचा एक धागा कॉफीच्या आणि कोकोच्या मळ्यांमधून दूरदेशीच्या कपापर्यंत जातो.

कोळसा, खनिजं, वाळू, लाकूड, धान्य यांचंही असंच. २००८ साली माणसाने पृथ्वीतून आणि पृथ्वीवरून ७,००० कोटी टन माल काढला. आपल्या मालगाड्यांच्या हिशेबाने पावणेदोन कोटी गाड्या. एकामागे एक लावल्या तर विषुववृत्ताला २८० हून जास्त फेऱ्या. त्यातला सीमा ओलांडताना दिसला तो १,००० कोटी टन. पण निर्यातीच्या कामी खर्च झालेला एकूण माल होता त्याच्या जवळजवळ तिप्पट. बंदरात एक गाडी दिसते, तिच्यामागे न दिसणाऱ्या आणखी दोन उभ्या असतात. कार्बनचंही थोडक्यात सांगतो: दुसऱ्या देशांसाठी माल बनवताना होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन १९९० मध्ये ४३० कोटी टन होतं, २००८ मध्ये ते ७८० कोटी टनांवर गेलं. भारताच्या त्या वर्षीच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे पाचपट.

इथपर्यंत आकडे चकित करतात. पुढचा आकडा वाचताना मात्र थांबावं लागतं. २०१७ मध्ये नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला. हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीने २००७ या एका वर्षात जगात ३४ लाख ५० हजार माणसं अकाली गेली, असा त्याचा अंदाज. त्यांतले ७,६२,४०० मृत्यू अशा कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुराशी जोडलेले होते, जिथला माल दुसऱ्याच प्रदेशातल्या गिऱ्हाइकासाठी बनत होता. साडेसात लाखांहून जास्त माणसं! २०११च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या होती ६ लाख ४७ हजार. अख्खी अमरावती, आणि वर आणखी लाखभर माणसं. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून पुण्याला पोचते तेवढ्या सव्वातीन तासांत पावणेतीनशेहून जास्त माणसं, आणि हे वर्षभर अखंड. यांतले एक लाखाहून जास्त मृत्यू चीनमधले होते आणि ते पश्चिम युरोप आणि अमेरिकेतल्या खरेदीशी जोडलेले होते. माल तिकडे गेला. धूर इकडे राहिला.

मग या संशोधनाने काही बदललं का? बदललं, पण जेवढं मोजलं त्या मानाने फार थोडं. आधी कामगारांचं पाहा. मोठ्या कंपन्या सांगायच्या की आम्ही पुरवठादारांकडच्या कामाच्या परिस्थितीची तपासणी करतो. रिचर्ड लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायकेच्या ५१ देशांतल्या ८०० हून जास्त पुरवठादारांच्या तपासण्यांची आकडेवारी अभ्यासली आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला की नुसत्या तपासणीने फारसा फरक पडत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि जगाच्या बाजारासाठी कपडे शिवणारे अकराशेहून अधिक कामगार गेले. त्यानंतर दोनशेहून जास्त ब्रँडांना कारखान्यांच्या सुरक्षेसाठी कायद्याने बांधणारा करार करावा लागला. कार्बनच्या हिशेबातूनही पुढचं पाऊल पडलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खतं अशा मालामागचा कार्बन सीमेवर नोंदवून घ्यायला सुरुवात केली आणि २०२६ पासून त्याचे पैसे मोजायची वेळ आली आहे. कार्बनला भाव लागला. पाण्याला अजून लागलेला नाही. माझ्या मते पुढचा मोठा झगडा इथेच आहे, आणि त्यात आपली बाजू मांडायला आपले स्वतःचे आकडे हवेत. दुसऱ्याने काढलेली सरासरी पुरणार नाही. यवतमाळच्या कोरडवाहू कापसाचं पाणी वेगळं, कालव्यावरच्या कापसाचं वेगळं. नाशिकच्या ठिबकवरच्या द्राक्षाचं वेगळं, सोलापूरच्या उसाचं वेगळं. युरोपच्या बंदरावर या सगळ्यांना एकच आकडा चिकटला, तर त्याची झळ कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसेल.

पुणे, मुंबई, नागपूर, संभाजीनगरला वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याला हा लेख द्या. एक्सिओबेस नावाचा असाच एक तक्ता इंटरनेटवर कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यात ४४ देश स्वतंत्रपणे मांडलेले आहेत आणि भारत त्यांपैकी एक आहे. साधा संगणक पुरतो. जिल्ह्यातलं एक पीक निवडा आणि मोजायला बसा.